तवा मायने धुतला

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, रोज संध्याकाळी तव्याला गोधडी पांघरायचे.

तवा म्हणजे चुलीवरचा नव्हे. आमचं गाव प्रकाशा, आणि पुलाकडून देवळांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच आमचं घर. घरासमोरच्या अंगणात विटा रचून केलेल्या भट्टीवर तो कायमचा बसवलेला होता. खाटेएवढा लांब, चांगला जाडजूड, सपाट लोखंडी पत्रा. कुठल्याशा कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भंगारात तो आबांना तरुणपणी सापडला. नंदुरबारच्या एका लोहाराकडून त्यांनी तो ठोकून सरळ करून घेतला, कडा वळवून घेतल्या आणि बैलगाडीत घालून गावात आणला. गाडीपुढे ते स्वतः चालत होते म्हणे. गावातली म्हातारी माणसं ही गोष्ट अजून रंगवून सांगतात. माझ्या नवऱ्याचा जन्म त्याच आठवड्यातला. ती गोष्ट कोणी सांगत नाही.

या तव्यावर आबा दादरची धिरडी घालायचे. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. पिठात लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि वर शेंगदाण्याच्या तेलाची धार. सोबत तव्याच्याच एका कोपऱ्यात परतलेल्या मिरच्या. श्रावणात आणि अमावास्येला देवदर्शनाला येणारी माणसं आधी देवळात जायची की आधी आबांकडे, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. सुरतेहून गाडी करून येणारी कुटुंबं होती. शहाद्याचे व्यापारी होते. सगळ्यांना धिरड्यांइतकीच आबांची बोलणी खायला आवडायची.

तवा तापला की नाही हे बघायला ते बोटांनी पाण्याचे शिंतोडे उडवायचे आणि कान वळवून ऐकायचे. त्या वेळी कोणी बोललेलं चालायचं नाही. "तवा बोली ऱ्हायना, तुम्ही नका बोलू," असं ते भल्याभल्यांना सांगायचे आणि भलेभले गप्प बसायचे. एकदा एक साहेब घड्याळ बघत म्हणाले, "जरा लवकर होईल का?" आबांनी कालथा खाली ठेवला. "घाई शे ते बिस्किट खा," म्हणाले, आणि साहेबांना खरोखरच काही दिलं नाही. साहेब हसत निघून गेले आणि पुढच्या सोमवारी बायकोला घेऊन आले. कोणी चीज मागितलं तर ते म्हणायचे, "चीज सुरतले भेटी. आठे तवा भेटी." लोक हे फोनवर काढून घ्यायचे.

शेवटचं गिऱ्हाईक गेलं की खरा सोहळा सुरू व्हायचा. तवा गरम असतानाच त्यावर पाणी मारायचं. वाफेचा मोठा लोट उठायचा आणि आबा त्यात दिसेनासे व्हायचे. मग कालथ्याने टोकापासून टोकापर्यंत खरवडायचं. मग खडं मीठ आणि अर्धा कांदा. कांद्याचा कापलेला भाग तव्यावर दाबून ते हळूहळू गोल फिरवत राहायचे. मग फडक्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात. तवा आरशासारखा काळा चमकायचा. तो कोमट झाला की गोधडी. पाऊस आला तर गोधडीवर ताडपत्री, आणि वारा फार असला तर ताडपत्रीवर छत्री धरून आबा स्वतः भिजत उभे. गोधडी मायच्या लुगड्यांची होती. माय म्हणजे माझी सासू. त्या गोधडीत तिच्या लग्नातलं लुगडंही होतं. ते मला तिनेच दाखवलं, बोट ठेवून.

साबण वर्ज्य. "हाऊ काया रंग घान नही, मन्ही कमाई शे," असं ते तव्यावर हात फिरवत म्हणायचे. आणि तव्यापाशी कोणी यायचं नाही. त्यांच्या पोराने नाही, मायने नाही, मी तर नाहीच. "तवा मन्हं ऐकस. मानसे ऐकतस नही." हे वाक्य मी लग्न होऊन आले त्या दिवशीच ऐकलं. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. मी रनाळ्याची, घरी सगळी शेतीची आरडाओरड. इथे एक म्हातारा लोखंडावर जीव लावतो आहे, हे मला काहीतरी वेगळं, मोठं वाटलं. माहेरी गेले की मी कौतुकाने आबांच्या नकला करायची.

पुढे मला मागचा दरवाजा कळला.

मागच्या दरवाज्यात माय असायची. पहाटे उठून ती दादर दळायला काढायची, पीठ भिजवायची, आंबट किती झालं ते बोटावर चाखून बघायची. लसूण सोलायची, मिरच्या निवडायची, वाळलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे सोडून भट्टीजवळ रचायची. पिठाची बादली उचलून तव्यापासून हातभर अंतरावर ठेवायची आणि मागे फिरायची. लोक ज्या चवीसाठी यायचे ती सगळी त्या बादलीत असायची. आबा ती तव्यावर ओतायचे, एवढंच. मी हे एकदा ह्यांना म्हटलं. माझा नवरा केळीच्या ट्रकवर असतो, महिन्यातले निम्मे दिवस गुजरातेत. ते म्हणाले, "ओतणं सोपं वाटतं का तुला?" सोपं नव्हतं, हे मलाही माहीत होतं. धिरडं कडेला जाळीदार आणि मध्ये मऊ राहायचं ते आबांच्या हातानेच. पण पीठ भिजवणंही सोपं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी कधी फोन काढला नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नव्हती. आबा स्वतः ते धिरडं कधी खायचे नाहीत. त्यांना जेवायला मायच्या हातची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी लागायची, घरातल्या चुलीवर, घरातल्या तव्यावर केलेली. ती ताटात पडली की ते तिचं एक टोक उचलून बघायचे आणि विचारायचे, "हाई भाकर शे का चामडं?" मग दोन भाकरी खायचे. इतकी वर्षं रोज. माय उत्तर द्यायची नाही. मी नवी होते तेव्हा तिला विचारलं, "माय, तुले राग येत नही का?" ती म्हणाली, "येस. मंग भाकर करस."

श्रावणातल्या एका सोमवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आबा रंगात आलेले, एकाच वेळी सात-आठ धिरडी पसरलेली, बोलणं चालू, लोक हसताहेत. माय पिठाची बादली घेऊन आली. जमिनीवर कोणीतरी सांडलेलं पाणी होतं. तिचा पाय सरकला. बादली एकीकडे गेली आणि पडताना आधार म्हणून तिचा उजवा हात पंजासकट तव्यावर टेकला.

तो आवाज मला अजून सांगता येत नाही. मी दारातून धावत गेले. तिला मागे ओढली, हात पाण्याच्या पिंपात घातला. ती ओरडली नाही. तिने फक्त दात आवळले. मी आबांकडे पाहिलं. आबा तव्यावर वाकले होते. त्यांच्या हातात कालथा होता, आणि ते ती जागा खरवडत होते. "तवा खराब व्हयना," ते म्हणाले. मायला नाही, मला नाही, असंच. मग त्यांनी तिथे पाणी मारलं, वाफ उठली, कांदा फिरवला. मी मायला रिक्षात घालत होते तेव्हा मागून शिंतोड्यांचा आवाज आला. ते तवा तापला का ते बघत होते. लोकांचंही मला नवल वाटतं. चार बायका आमच्यामागे रिक्षापर्यंत आल्या. बाकीचे रांगेतच होते.

संध्याकाळी आबा दवाखान्यात आले. धुतलेलं धोतर, टोपी, सगळं नीट. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मायचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मला खरंच वाटलं की आता हा माणूस काहीतरी बोलेल. त्यांनी पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सकाय पीठ कोन भिजाडी?"

उद्या पीठ कोण भिजवणार. मी भिजवलं.

जखम भरली, पण बोटं आत वळली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज तेल लावून एकेक बोट हळूहळू सरळ करायचं, दुखलं तरी सोडायचं नाही, घरातल्या कोणीतरी बसून करून घ्यायचं. घरातलं कोणीतरी म्हणजे मी. सकाळी पीठ, दुपारी लसूण-मिरची, त्यातून वेळ मिळाला की मायचा हात. कधी मिळायचा, कधी नाही. आबांना मी एकदा सांगितलं, "आबा, संध्याकाळी तुम्ही जरा मायच्या हाताला तेल लावत जा." ते म्हणाले, "मन्हा हातले कांदाना वास येस." आणि फडकं तेलात बुडवून तव्याकडे वळले. मायची बोटं मुठीसारखी मिटली ती मिटलीच. त्या हाताने तिला पुढे पेलाही धरता आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात नवापूरला आबांचे चुलतभाऊ वारले. तेराव्यापर्यंत तिथे राहणं भाग होतं. पावसामुळे गिऱ्हाईक तसंही थोडं होतं. निघताना त्यांनी तव्याला तेलाचा दुहेरी हात दिला, गोधडी घातली, ताडपत्री सुतळीने बांधली आणि मला म्हणाले, "सोडू नको. देखू बी नको." मायला काही सांगितलं नाही. तिच्याकडून तव्याला काही होईल हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

दोन दिवस गेले. सकाळी भुरभुर पाऊस होता, रस्त्यावर कोणी नव्हतं. मी दारात आले तर माय सुतळीच्या गाठी दातांनी सोडत होती. ताडपत्री तिने खाली ओढली. गोधडी काढली, छातीशी धरून घरात आणली, माझ्या हातात दिली. परत गेली ती कपड्यांच्या साबणाची वडी आणि तारेची घासणी घेऊन. 

मी म्हटलं, "माय, काय करी ऱ्हायनी?"

"भांडं शे ना? घासी ऱ्हायनू."

ती डाव्या हाताने घासत होती. उजवी मूठ तव्यावर टेकून तिने अंगाचा भार दिला होता, तीच मूठ. साबणाचा फेस आधी तपकिरी झाला, मग काळा. काळं पाणी भट्टीवरून ओघळून अंगणात, अंगणातून रस्त्यावर चाललं. तिने डोक्यावर पदरही घेतला नव्हता. आबांची कमाई उतरत होती आणि खालून राखाडी, उघडं लोखंड दिसायला लागलं होतं. मी तिला थांबवलं नाही. मी हंड्याने पाणी आणून दिलं. सगळा तवा उघडा पडल्यावर ती मागे सरकली, त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि साबणाची उरलेली वडी तिने धुऊन पुन्हा कपड्यांच्या दगडावर ठेवली. तवा तसाच पावसात राहिला. माय आत आली, ती गोधडी अंगावर घेतली आणि दुपारपर्यंत झोपली. मायला दिवसा झोपलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आबा आले तेव्हा तवा विटेसारखा लाल झाला होता. पापुद्रे सुटले होते. ते अंगणात पिशवी हातात धरून उभे राहिले. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मी वाटही बघत होते. आज हा माणूस मायकडे बघणार होता. शिव्या देईल, हात उगारेल, काहीही करेल, पण तिच्याकडे बघेल.

"हाई कोनी करं?" त्यांनी विचारलं.

माय दारातून बाहेर आली. अगदी सरळ उभी राहिली. "मी," म्हणाली. "मी धोया. साबन लाईसन धोया."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. पापणी लवेपर्यंतच. आणि ते हसले. खरंच हसले, तोंड उघडून.

"तू? तुन्हा हात ते वाकडा शे. तुले पेला धरता येत नही, तू तवा धोशी?"

मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि हसू गेलं. "हाई शिकेल-सवरेल सून," ते म्हणाले. "साबनबिगर तिले चालत नही."

"तिनी हात नही लाया," माय म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी सांगी ऱ्हायनू ना. मी धोया!"

"बस व्हयनं," आबा म्हणाले. "सूनले कितली झाकशी?"

पुढचे कितीतरी दिवस आबांनी तव्याशिवाय काही केलं नाही. विटेच्या तुकड्याने घासून घासून सगळा गंज काढला. पऱ्हाट्यांचा मंद जाळ लावला, तेलाचा हात दिला, धूर निघेपर्यंत तापवला, निववला, पुन्हा तेल, पुन्हा जाळ. जेवायला उठायचे नाहीत. बोटांना फोड आले तरी फडकं सोडलं नाही. कुठे डाग राहिला तर तेवढ्याच जागी बोटाने तेल चोळत बसायचे, अगदी हळुवार, तान्ह्या मुलाला चोळावं तसं. मी पीठ भिजवता भिजवता ते बघत होते. शेजारी माय बसलेली, मांडीवर ती मूठ. तीही बघत होती. तव्यावर पुन्हा काळा थर धरायला लागला. त्या दिवशी आबांनी पहिलं धिरडं घातलं आणि गल्लीतली पोरं बोलावून वाटलं.

मग त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यांना गोष्ट सांगता येत होती, हेच वाईट. शिकलेली सून, बी. ए. झालेली, रनाळ्याची. सासरा तेराव्याला गेला आणि हिने साबण काढला. पाण्याचे शिंतोडे उडवत, कान वळवत, मध्येच थांबत ते सांगायचे आणि लोक पोट धरून हसायचे. देवळापासून पुलापर्यंत आणि तिथून शहाद्यापर्यंत मी तवा धुणारी सून झाले. सुरतेच्या बायका मला बघायला दारात डोकवायच्या. मी सांगून पाहिलं की मी नाही धुतला. "मग कोणी धुतला?" विचारायचे. "मायने." की लगेच चेहरे बदलायचे. सून सासूवर ढकलते, तेही हात भाजलेल्या सासूवर. मी गप्प बसायला लागले. ह्यांना मी सगळं खरं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे ना. आबांचं वय झालं. आणि तुला सोडून साबणाचं सुचणार कोणाला?"

माय मात्र गप्प बसली नाही. ज्या बाईने इतकी वर्षं भाकरीला चामडं म्हटलेलं ऐकून घेतलं, ती आता आबांचं बोलणं तोडायची. भर गिऱ्हाइकांत दारात येऊन उभी राहायची. "तो तवा मी धोया," म्हणायची. आणि माणसं, चांगली, देवदर्शनाला आलेली माणसं, गहिवरून जायची. "काय सासू आहे बघा," म्हणायची. "सुनेचं पाप आपल्या अंगावर घेते." एका म्हातारीने तर वाकून तिच्या पायाला हात लावला. माय पाय मागे घेऊन आत आली आणि तिने मिरच्या निवडायचं सूप भिंतीवर फेकून मारलं.

गेल्या हिवाळ्यात आबांना छातीचं दुखणं लागलं. शेवटी शेवटी उठवत नव्हतं. खाट ओसरीवर टाकली होती, तिथून तवा दिसायचा. माय डाव्या हाताने त्यांना पेज भरवायची. भेटायला माणसं येत, आणि आबा धाप लागत असतानाही सुनेची आणि साबणाची गोष्ट सांगत. एकदा पाहुणे गेल्यावर माय चमचा ताटलीत ठेवून त्यांच्याजवळ सरकली. मी पलीकडे औषध काढत होते. तिने अगदी हळू, जवळजवळ विनवणीनेच म्हटलं, "आते ते माना. तवा मीच धोया व्हता. तुम्हना राग उना व्हता माले. म्हनीसन धोया."

आबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघून ते हसले, आणि त्या हसण्यात माया होती. म्हणूनच ते मला सहन झालं नाही. "गरीब शे तू," ते म्हणाले. "तुले कसाना राग?"

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते गेले. गावाने मोठी गर्दी केली. तेराव्याला लोकांनी त्यांची बोलणी आठवून आठवून सांगितली, आणि अर्थातच ती गोष्टही सांगितली.

आता तव्यावर मी असते. हे केळीचा ट्रक सोडून घरी बसायला तयार नव्हते आणि घर चालायला हवं होतं. माझी धिरडी आबांसारखी होत नाहीत असं लोक सांगतात आणि खातात. मी शिंतोडे उडवून ऐकत बसत नाही. माय सावलीत पाटावर बसून डाव्या हाताने लसूण सोलते. तव्याजवळ ती येत नाही, आणि मी कधी बोलावलं नाही.

परवा सोमवारी सुरतेचं एक जुनं कुटुंब आलं. आबा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ऐकून ते हळहळले, बायकोने डोळ्याला पदर लावला. मग त्यातले काका माझ्याकडे बघून जरा हसले आणि मायला विचारलं, "तवा धोनेवाली बहू यही है ना?"

मी कालथा हातात धरून थांबले. मायचं ठरलेलं उत्तर यायची मी वाट बघत होते. तिने पाकळीचं साल काढलं, पाकळी वाटीत टाकली.

"हा," ती म्हणाली. "तीच."

काका खूश झाले. बायकोला म्हणाले, "देखो, मैं कहता था ना." तव्यावरचं धिरडं करपायला लागलं होतं. मी ते उलटलं आणि मायकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. तिने दुसरी पाकळी उचलली होती.